जूनमधला साडेसातचा अंधार

सकाळी चहा घेताना मुलीने पाठवलेला फोटो पाहिला. जर्मनीतलं तिचं स्वयंपाकघर, खिडकीत वाळत टाकलेले दोन टॉवेल, टेबलावर पाव, आणि त्या पावावर पडलेलं लख्ख पिवळं ऊन. आपल्याकडे चार-साडेचारला अंगणात येतं तसलं. खाली लिहिलं होतं, ‘बाबा, रात्रीचे पावणेनऊ वाजलेत, तरी बघा उजेड.’ इकडे अकोल्यात आमच्या ओसरीवर अजून ऊन यायचं होतं. मी कौतुकाने दोनदा फोटो पाहिला, आणि तिसऱ्यांदा पाहताना कप खाली ठेवला.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. पावसाचे मिलिमीटर, धरणाची पातळी, सूर्योदय, सूर्यास्त यांची नोंद ठेवण्याची सवय हाताला लागलेली आहे. म्हणून तो आकडा मनातून जाईना. कपाटाच्या वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला. त्यात एकतीस वर्षांपूर्वीची नऊ पत्रं आहेत. जुन्या कागदाला कोरड्या हळदीसारखा वास येतो, तो आला. चौथं पत्र उघडलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातलं. त्यात माझ्या पत्रमैत्रिणीने लिहिलं होतं, ‘साडेसात वाजले, अंधार पडला, म्हणून दिवा लावून तुला लिहिते आहे.’ तिचं गाव माझ्या मुलीच्या गावापासून साठ किलोमीटरवर. जूनमध्ये साडेसातला अंधार तिथे पडत नाही. तो अमरावतीत पडतो.

त्या वेळी आम्ही बडनेऱ्याला राहत होतो. वडील रेल्वेत. मी अमरावतीला जर्मनच्या दोन वर्षांच्या पदविकेला जायचो. वर्गात आम्ही बारा जण होतो, आणि कुणालाच घरी ती भाषा शिकून काय करणार, याचं उत्तर देता येत नसे. पण मॅडम शिकवायला लागल्या की उत्तराची गरज वाटायची नाही. त्या नुसती भाषा शिकवत नसत, तिथली माणसं वर्गात आणून बसवत. तिकडे संध्याकाळी चूल पेटत नाही, थंड पावच खातात; पाहुणा पाच मिनिटं आधी आला तर दाराबाहेर थांबतो; असं बरंच. मॅडम स्वतः कधी तिकडे गेल्या नव्हत्या, हे आम्हाला माहीत होतं, पण त्याचं आम्हाला काही वाटत नव्हतं. भूगोलाचे मास्तर तरी कुठे सगळे देश फिरलेले असतात.

त्यांनीच तिकडच्या एका शाळेशी पत्रमैत्री जुळवली. आमची बारा पत्रं बंद पाकिटांत त्यांच्याकडे द्यायची. त्या ती एकाच मोठ्या लिफाफ्यात घालून पाठवत, म्हणजे टपालखर्च वाचे. उत्तरंही तशीच एकत्र येत, टाइप केलेली. एकदा दर्यापूरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, तिकडची टिकिटं आमाले बी द्या ना, भाच्याले जमवाचा नाद हाये.” मॅडम म्हणाल्या, “अभ्यास कर आधी, टिकिटं चाटून जर्मन येत नाही.” सगळे हसले, मीही हसलो.

माझ्या पत्रमैत्रिणीला मी जे लिहिलं ते मराठीत कुणाशी बोललो नव्हतो. परक्या भाषेत माणूस धीट होतो. शब्द थोडे असतात, त्यामुळे आडपडदा ठेवायला जागाच नसते. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात आईला अर्धांगवायू झाला. त्याच सुमारास एका जर्मन संस्थेच्या खर्चाने वर्गातल्या एकाला तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरत होतं, आणि माझे गुण सगळ्यांत जास्त होते. पत्रमैत्रिणीने विचारलं, ‘तुला यायला मिळालं तर येशील का?’ मी खरं ते लिहिलं. आई माझ्याच हातून जेवते, मी निघालो तर ती घास गिळणार नाही, मला भीती वाटते.

पंधरा दिवसांनी थोरली बहीण भातकुलीहून आली. आईला भरवता भरवता म्हणाली, “तीन महिन्याचं काय घेऊन बसला तू? मी राह्यतो आईजवळ. तू जाय.” आईने माझ्याकडे पाहून उजव्या हाताने तसंच खुणावलं, जा. त्या दिवशी मी पुढचं पत्र लिहिलं. येईन, नक्की येईन, स्टेशनवर मला ओळखशील ना.

आठवड्याने नाव जाहीर झालं, दर्यापूरच्या मुलाचं. मी मॅडमना विचारलं, “माझे गुण कमी पडले का?” त्या म्हणाल्या, “गुण नाही रे. तुझं मन घरात आहे. तुला तिथे झोप लागणार नाही.” मी थक्क झालो. कुणाला न सांगितलेलं ह्यांनी चेहऱ्यावरून वाचलं, असं वाटलं. जागा गेल्याचं दुःख हळूहळू झिजलं, पण माणूस ओळखणाऱ्या बाई म्हणून त्यांच्याबद्दलचा आदर वाढतच गेला. मुलीला निरोप देतानाही मी तिला हीच गोष्ट सांगितली होती.

रविवारी अमरावतीला गेलो. मॅडम आता थकल्या आहेत, कान मात्र तिखट आहेत. मी फोटो दाखवला, पत्र दाखवलं, दोन्ही वेळा सांगितल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“म्हणजे सूर्यानं चुगली केली,” त्या म्हणाल्या. मग चष्मा पुन्हा चढवत, “तिकडून दोनदाच पत्रं आली. नंतर शाळेनं बंद केलं. तुम्ही दर सोमवारी तोंडाकडे बघत बसायचे. काय सांगू?”

“खरं सांगायचं, मॅडम.”

“सांगितलं असतं तर तू एवढं लिहिलं असतंस का?”

“आणि मी लिहिलेलं वाचून तुम्ही यादीतून माझं नाव काढलं.”

“काढलं. आई अंथरुणावर असलेला पोरगा अर्ध्यातून परत आला असता, तर पुढे आपल्याकडून कुणाला बोलावलंच नसतं. मी एकट्या तुझी मॅडम नव्हते.”

हिशेब म्हणून तो चुकीचा नव्हता. मी उठलो तेव्हा त्यांनी कपाटातून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा दिला. “तुझी पत्रं. घेऊन जा.”

परतीची गाडी बडनेऱ्याहून होती. फलाटावरच्या बाकावर बसून मी सुतळी सोडली. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात लाल शाईने दहापैकी गुण दिलेले होते. सात, आठ, साडेआठ. आम्हाला लेखनाचे वर्गातले गुण कशावरून मिळत, ते त्या वेळी कधी कळलं नव्हतं. आईच्या घासाबद्दलच्या पत्राला नऊ होते, सगळ्यांत जास्त. शेवटचं पाकीट मात्र बंद होतं. मी लावलेला डिंक जसाच्या तसा. गुण तोवर विद्यापीठाकडे गेले असणार, मग पुढचं वाचायची जरुरी उरली नाही. ‘येईन, नक्की येईन’ हे एकतीस वर्षं कुणी वाचलंच नव्हतं.

मी ते फोडलं नाही. आतलं मला पाठ आहे. आणि ते ज्या मुलीला लिहिलं, जिला मी स्टेशनवर शोधणार होतो, ती पहिल्या दोन पत्रांनंतर कुठल्याच गावात नव्हती. जागा मी तेव्हाच गमावली होती. ही मुलगी आत्ता, या रविवारी गेली. उरलेल्या सात पत्रांत मला जितकं कुणी समजून घेतलं तितकं नंतर फारसं कुणी घेतलं नाही, आणि ते समजून घेणारं माणूस लाल पेन हातात धरून बसलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची बेरीज मला करता येत नाही.

पाकीट खिशात ठेवलं आणि वर पाहिलं. घड्याळात साडेसात झाले होते. पत्रात लिहिला होता अगदी तसाच अंधार पडला, आणि फलाटावरचे दिवे लागले.