साडेचार हात चौकट

"आधी ती चौकट खाली घे किसन्या! मग तोंड उघड!"

पाटील ओरडत होते आणि आमच्या नव्या घराच्या अर्ध्या उठलेल्या भिंती हादरत होत्या. थाप मारत नाही. ओल्या मातीचा एक लपका खरंच गळून पडला. किंवा मीच पाडला असंल. नखानं भिंत कुरतडत मी तिथंच उभी होते. तेरा वर्षांची.

"जुनं लाकूड हाय मालक. शहरात हवेली पाडत होते, तिथलं..." बा हात जोडून सांगत होता.

"हवेलीचं दार? तुला? उद्या दारात हत्ती बांधशील!"

मागं उभे असलेले चौघं हसले. त्यांना हसायलाच आणलं होतं.

आमचं गाव हर्सूलच्या तळ्यापलीकडं. गावाबाहेर आमची वस्ती. वस्तीत दाराचं माप ठरलेलं. तीन हात. कागदावर कुठं नव्हतं, पण कागदापेक्षा पक्कं. सगळ्या दारांची तोंडं पाटलांच्या वाड्याकडं. म्हणजे सकाळी माणूस घराबाहेर पडायचा तो कमरेत वाकून, वाड्याकडं तोंड करून. जोहार वेगळा घालायची गरजच नाही. दारच घालून घ्यायचं. बाया पाण्याचा हंडा दारात उतरवायच्या, आत सरकवायच्या, मग स्वतः आत शिरायच्या. निजामाच्या वक्ताला असंच होतं. पोलीस ॲक्शन झाली, रझाकार पळाले, शाळेवर झेंडा लागला. बा म्हणाला, "आता सरळ चालायचं." दारं मात्र तीन हातच राहिली.

आणि बा होता चार हात. वर चार बोटं. इतका उंच की कावळे त्याच्या खांद्यावर बसून खुलताबादचा डोंगर बघायचे. हे तोच सांगायचा. वाढवून सांगायची खोड मला त्याचीच लागली. एकदा म्हणे खुलताबादच्या घाटात त्याला वाघ आडवा आला. बानं त्याला गोष्ट सांगायला घेतली. गोष्ट एवढी लांबली की वाघ जांभई देऊन झोपला आणि बा त्याच्या अंगावर घोंगडी टाकून घरी आला. घोंगडी परत आणायला गेला तर वाघ म्हणाला, पुढं काय झालं? अशी माणसं गावात दोन झाली असती तर रेडिओ कुणी घेतलाच नसता.

शहरात गुलमंडीच्या मागं एक जुनी हवेली पाडायचं काम चाललं होतं. बा तिथं बिगारी होता. मजुरीच्या बदल्यात त्यानं एक चौकट मागून घेतली. सागवानी. साडेचार हात. आम्ही दोघांनी ती खांद्यावर घेऊन गावाकडं आणली. पुढं बा, मागं मी, आमच्यामध्ये नुसतं दार. हर्सूलच्या जेलपाशी पहारेकरी ओरडला, "क्यों रे, किसका दरवाजा उठाके ले जारा?"

बा थांबला. म्हणाला, "निजाम का है साब. वो गये, ये रह गया."

पहारेकरी एवढा हसला की त्यानं आम्हाला पाणी पाजलं.

आमच्याकडं आधी चौकट उभी करतात, मग तिच्या बाजूनं भिंती उठवतात. आठ दिवस मोकळ्या रानात ती एकटी चौकट उभी होती. डावीकडनं रान, उजवीकडनं रान. तरी बा जायचा तो चौकटीतूनच. उगाच आत, उगाच बाहेर. मान ताठ. माय हंडा डोक्यावर घेऊन त्यातून गेली आणि पाण्याचा थेंब सांडला नाही. बा ओरडला, "बघा! राणी आली!" माय लाजली. माय लाजलेली मी तेवढीच पाहिली.

आणि आता पाटील समोर होते.

"काप," ते म्हणाले.

"मालक..."

"तीन हात. माझ्यासमोर काप."

बानं आमच्याच सुताराकडून करवत घेतली. चौकट मातीतून उपटली. आडवी केली. दोन मुठींची करवत होती ती. एकट्याला ओढता येत नाही. बानं माझ्याकडं पाहिलं.

मी दुसरं टोक धरलं.

हे मला आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. करवत मीपण ओढली. बा ओढायचा, मग मी ओढायची. सागाचा भुसा पायावर पडत होता. वास चांगला येत होता. तो वास आजही कुठं आला तर मी तिथून उठून जाते.

"तुकडे वाड्यावर टाक," पाटील जाताना म्हणाले. "पाणी तापवायला होतील."

ते तुकडे मी डोक्यावरून नेले. पाटलीणबाई ओट्यावर होत्या. मला खालून वर पाहून म्हणाल्या, "बापावर गेलीय की गं. हिलाबी कापाया पायजे."

मी हसले. खरं सांगते, हसले. भीतीनं तोंड आपोआप तसं होतं.

घर झालं. तीन हात दाराचं. बाच्या अंगात मात्र ती साडेचार हात उंची बसून गेली होती. तो सरळच निघायचा आणि कपाळ वरच्या लाकडावर आपटायचा. रोज. जखम वाळायची, पुन्हा फुटायची. माय हळद भरायची. सहा महिन्यांनी तो वाकायला शिकला. आमच्या बाला वाकायला त्या दारानं शिकवलं.

चौकट कापली त्या दिवसापासून बानं एकही थाप मारली नाही. शेजारच्या बाया गंमत करायला यायच्या, "भाऊ, कावळ्यांचं काय झालं?" तो विडी ओढत बसायचा. एकदा मीच म्हटलं, "बा, वाघाची सांग की."

म्हणाला, "वाघ नव्हता गं."

चाबकानं मारलं असतं तरी चाललं असतं मला. पण ते तीन शब्द...

दोन वर्षांनी बा गेला. तीन दिवसांचा ताप. तिरडी अंगणात बांधली. चौघांनी त्याला आतून उचललं आणि दाराशी आणलं. चौघं वाकले. वाकता वाकता बाचं कपाळ वरच्या लाकडाला लागलं.

टक्.

मेलेल्या माणसाचं कपाळ. त्याच जागी.

"थांबा," मी म्हटलं. "खाली ठेवा त्याला."

कोपऱ्यात पहार होती. ती घेतली. चुलता ओरडला, "पोरी, मयताच्या टायमाला घर पाडतीस व्हय?"

"बा वाकून जाणार नाय."

इथं वाढवून सांगायला जागा आहे. एका घावात भिंत पाडली, पाटलाच्या वाड्याच्या काचा फुटल्या, असं मी पोरांना रंगवून सांगितलंही असतं. पण एका घावात काही पडलं नाही. लई वेळ लागला. छत आतल्या मेढींवर होतं म्हणून वाचलं. हाताची सालटी निघाली. लोक उन्हात ताटकळले. कुणी शिव्या दिल्या, दोघं तिघं भीतीनं उठून गेले. बा जमिनीवर तसाच. मग माय उठली. खाली पडलेली ढेकळं बाजूला करू लागली. मग चुलत्यानं माझ्या हातातून पहार घेतली आणि चौकट उपटून काढली.

माझा बा ताठ माणसांच्या खांद्यावरून घराबाहेर गेला. त्यानं काही झालं नाही. तो मेलेलाच होता. त्याला जिवंतपणी जाता आलं नाही ते नाहीच. त्याचं मला आजही समाधान नाही, आणि करूनही घ्यायचं नाही.

त्या भगदाडात उभं राहून मी एवढंच ठरवलं, की इथून पुढं मी राहीन त्या घराचं दार मी मोजणार. आणि कापायच्या करवतीचं दुसरं टोक धरणार नाही. कुणाच्याच घरी.

तिसऱ्या दिवशी पाटलांचा गडी आला. अंगणाच्या कडेलाच थांबला. भगदाडाकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"मालक इचारत्यात," तो म्हणाला, "वरचं कवा बुजवताय?"

माय भगदाडातच बसली होती. तिनं त्याच्याकडं न बघताच सांगितलं,

"बुजवणार नाय."