साच्याचा ठेका

कल्पिता तेव्हा मुलुंडच्या एका रक्ततपासणी केंद्रात काउंटरवर बसायची. सकाळची वेळ म्हणजे उपाशीपोटी आलेल्या माणसांची. जो तो घड्याळाकडे नाही तर तिच्याकडे डोळे वटारून बघत असायचा. एकदा त्या गर्दीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक जण अगदी निवांत बसला होता. कानात हेडफोन, हातात विटेसारखा जाडजूड, पिवळट पडलेला जुना व्हिडिओ गेम. नाव पुकारून पुकारून तिचा घसा बसला तरी हा ढिम्म. शेवटी ती उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गेम संपला असेल तर रक्त देताय का? मागे आजीबाई खोळंबल्यात."

"खेळत नाहीये हो," तो ओशाळून म्हणाला. "गाणं करतोय."

"ह्याच्यात?"

त्याने हेडफोन काढून तिच्यापुढे धरला. एखाद्या डासाला गळा फुटावा आणि तो तालासुरात गायला लागावा, तसं काहीतरी तिला ऐकू आलं. तिला हसू फुटलं. तोही हसला. पुढच्या वर्षी कल्पिता कृणाल घाडीगावकरची बायको होऊन नाहूरला आली.

कृणाल लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता. घरी आला की हातपाय धुऊन त्या जुन्या गेमच्या डब्याला चिकटायचा. इवल्याशा पडद्यावर आकड्यांच्या ओळी असत. त्यातला एकेक आकडा पुढेमागे करत तो गाणं बांधायचा. "ह्या चिपमधून एका वेळी चारच आवाज निघतात," त्याने तिला सांगितलं होतं. "पाचवा मिळत नाही. चारात सगळं भागवायचं."

"आपल्या वन रूम किचनसारखं," ती म्हणाली.

"करेक्ट!" तो खूश झाला.

गाणी राहत ती डब्याच्या पाठीत खोचलेल्या काडेपेटीएवढ्या कॅसेटमध्ये. तिच्या पोटात घड्याळाला असतो तसा एक चपटा सेल होता. तो आहे तोवर कॅसेटला सगळं आठवतं, तो निघाला की पाटी कोरी, हेही कृणालनेच कल्पिताला सांगितलं होतं. झालेली गाणी तो कॉम्प्युटरवर उतरवून ठेवी. अपुरं मात्र कधी उतरवायचा नाही. "अर्धवट काय ठेवायचं? पूर्ण झालं की ठेवतो," म्हणायचा.

त्याचे वडील भिकाजी यांचं ह्या सगळ्याबद्दलचं मत घरात सर्वांना पाठ होतं. "घोडो झालो तरी टिंव टिंव सुटना नाय. लगीन झाला, आता तरी ता खेळणा ठेव रे मेल्या!" भिकाजींची उमेदीची वर्षं गिरणीत गेली होती. साचेखात्यात ते फिटर होते. विणायच्या मागाला ते कधी माग म्हणत नसत, साचाच म्हणत. गिरणी बंद पडून जमाना झाला, तरी टीव्हीसमोर बसले की त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर आपसूक चालत. धाड-खट्, धाड-खट् आणि मध्येच एक अडखळल्यासारखी उडी.

एके दिवशी कृणालने ती बोटं पाहिली. तो बापाशेजारी जाऊन बसला, डबा मांडीवर घेतला आणि ऐकत ऐकत आकडे भरू लागला. असं त्याने दोन वर्षं केलं. भिकाजींना पत्ता नव्हता. मग एका संध्याकाळी त्याने डब्याला स्पीकर जोडला. चार आवाजांतले दोन नुसते साच्याचे होते. वरून एक बारीक सूर, लांबून भोंगा यावा तसा. भिकाजी उठून बसले. मग म्हणाले, "आमच्या लायनीतलो हा रे. कोपऱ्यावरचो साचो असोच उडी मारी."

त्या दिवसापासून खेळणं हा शब्द घरातून गेला. पवईला कृणालचा मित्र प्रीतम एका छोट्या हॉलमध्ये अशा जुन्या यंत्रांवर वाजवणाऱ्यांचा कार्यक्रम ठेवणार होता, दसऱ्यानंतरच्या रविवारी. भिकाजींनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. आळीत सगळ्यांना मुलाबद्दल सांगितलं, "झिलाचो कार्यक्रम आसा. माझ्या साच्यार." गाण्याचा शेवट तेवढा बांधायचा राहिला होता.

खंडेनवमीला कृणाल कामावर गेला होता. कल्पिता झेंडूची फुलं आणायला खाली उतरली. परत आली तेव्हा पाटावर तांबड्या कापडावर हत्यारं मांडलेली होती. भिकाजींचे पाने, हातोडी, तिची कात्री आणि मधोमध कृणालचा डबा, पुसून लख्ख केलेला, हळदकुंकू लावलेला. तिला एकदम भरून आलं. तेवढ्यात भिकाजींनी मूठ उघडून तिच्यापुढे धरली. तळहातावर एक चपटा सेल होता, कडेला पांढरी बुरशी धरलेला.

"ह्यो बघ. गेललो. मी नवो घातलंय. गिरणीत आमचो नेम होतो गो, नादुरुस्त यंत्र पूजेक लावूचा नाय. आधी नीट करूचा, मग हार घालूचो."

कल्पिताच्या हातातली फुलांची पिशवी तशीच राहिली. "बाबा, कॅसेट उघडलीत?"

"एक तर स्क्रू!" भिकाजी अभिमानाने म्हणाले. "फुलां दी."

तिने फुलं दिली. दुसरं काय करणार? जुना सेल परत घालून काही होणार नव्हतं, एवढं तिला कळत होतं. कृणालला फोन करावा म्हणून तिने दोनदा मोबाइल उचलला आणि ठेवला. लिफ्टच्या खड्ड्यात उभ्या असलेल्या माणसाला हे कसं सांगायचं?

कृणाल आला. पाटावरचा डबा पाहून त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते तिला बघवेना. भिकाजींनी सेलची हकिकत सांगितली. कृणालने डबा उचलला, चालू केला, पडद्याकडे पाहिलं. रिकाम्या ओळी.

"झकास केलंत बाबा," तो म्हणाला. त्याने डबा परत पाटावर ठेवला.

"आता वर्षभर बघूक नको!"

जिन्यात त्याने कल्पिताचा हात धरला. "बाबांना नाही सांगायचं. कधीच नाही."

"अरे, पण रविवार?"

"वाट लागली यार," एवढंच म्हणाला.

कल्पिताच्या मोबाइलमध्ये त्या गाण्याचा एक तुकडा होता. त्यात कुकरची शिट्टीच जास्त ऐकू येत होती. तिने सुचवलं, "बाबांना परत वाजवायला सांग ना." कृणालने शेजारी बसून सहज म्हटल्यासारखं म्हटलं. भिकाजी आनंदाने सरसावून बसले. बोटं चालू झाली, थांबली, पुन्हा चालू झाली. सांगून वाजवायचं म्हटल्यावर ती उडी काही येईना. होता होता ठेका गावाकडच्या भजनात शिरला.

"ह्या भजनाचा झाला ना रे?" त्यांनी गोंधळून विचारलं.

"चालेल बाबा. राहू दे."

कार्यक्रमाला हॉल मिळाला नाही, असं भिकाजींना सांगितलं. पवईला त्या रविवारी बाकीचे वाजवून गेले. "पूजा करूनसुद्धा?" भिकाजी म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट कपाटात टांगून आले. दारात कोणी भेटलं की अजून सांगतात, झिलाचं यंत्र आपणच नीट करून दिलं म्हणून. कृणाल आत चप्पल काढत असला तर "हो ना," म्हणतो. एकदा कल्पिता म्हणाली, "सांगून टाक, मोकळा होशील."

"आणि बाबा?" त्याने विचारलं.

त्या दसऱ्यानंतर कृणालने नवीन गाणं केलेलं नाही. तो लिफ्टचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी कॉल आला तरी जातो.