शेवटचा फोटो होईपर्यंत

घरकुलाच्या तपासणीला मी यादी घेऊनच जाते. पाया, भिंती, छत, शौचालय अशा खुणा केल्या की पुढचं गाव. द्वारकाबाईंच्या नव्या घराच्या खुणा पाच मिनिटांत झाल्या. फरशी इतकी स्वच्छ होती की मी चपला बाहेर काढल्या. आत भांडं नव्हतं, दोरीवर कपडा नव्हता.

"राहायला कधी येणार?" मी सहज विचारलं.

त्यांची सून कडेवर तान्हं बाळ घेऊन शेजारच्या गोठ्यातून बाहेर आली.

"आम्हाला काय विचारता, मॅडम? तुम्हीच म्हणाला होता, शेवटचा फोटो होईपर्यंत आत काही न्यायचं नाही!"

म्हणाले होते खरी. रंग ओला होता, डाग पडतील म्हणून. पुढच्या आठवड्यात येते म्हणाले आणि आले चार महिन्यांनी. तोवर अख्खा पावसाळा हे बाळ म्हशीशेजारी निजलं होतं.

"गप गं," द्वारकाबाईंनी सुनेला दटावलं. "मॅडमना काय आपलं एकच घर असतं?"

त्या दटावण्याने मला अधिकच हादरवलं. आपण बोलून गाडीत बसतो. बोललेलं मागे तिथेच राहतं, पाळलं जातं, हे इतक्या वर्षांत मला कधी जाणवलंच नव्हतं. दाराला कुलूपसुद्धा नव्हतं. माझ्या एका वाक्याने ते बंद होतं.

मी फोटो काढला.

"झाला. जा आता आत."

सून जागची हलली नाही.

"लिहून द्या," ती म्हणाली.