सुनंदाताईंचा व्हॉल्व्ह

शेवटचं भेटलो तेव्हा सुनंदाताई बुकित पंजांग भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये उशीला टेकून बसल्या होत्या. आवाज बारीक झालेला, चौकशी मात्र ऑफिसचीच. "समीर, नव्या मुलांना माझा व्हॉल्व्ह दाखवतोस ना?" मी "दाखवतो" म्हणालो. ते खोटं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ताई गेल्या... आणि खोटं माझ्याकडे राहिलं.

आमचं काम सांगायला सोपं. एखादा लोखंडी भाग दाबाखाली टिकेल का, हे कॉम्प्युटरला विचारायचं तर आधी त्याची बारीक तुकड्यांत वाटणी करावी लागते. त्या जाळीला आम्ही मेश म्हणतो. सरळ पेटी असली तर प्रश्न नाही. पण फुगीर, वाकडा, दोन नळ्या तिरक्या भेटणारा आकार आधी मनात कापावा लागतो, असा की प्रत्येक तुकडा वाकला तरी सहा बाजूंचाच राहील. गोल भरीव दांडा भाकरीच्या चतकोरांसारखा कापला की सगळ्या टोकांची मध्ये गर्दी होते. ताई मध्ये एक चौकोन ठेवायच्या आणि भोवती चार तुकडे. शिवाय एकीकडे दिलेला छेद तिथेच थांबत नाही, पार दुसऱ्या टोकाला निघतो. आपोआप मेश करणारं सॉफ्टवेअर होतंच, ते टोकदार तुकडे ठासून भरतं आणि काम भागतं. "भागतं रे," ताई म्हणायच्या, "पण पोतं भरणं वेगळं आणि डबा भरणं वेगळं."

त्या व्हॉल्व्हसाठी, म्हणजे दोन नळ्या तिरक्या भेटणाऱ्या पाइपाच्या झडपेसाठी, त्यांनी पाया लेबार भागातल्या आमच्या ऑफिसात, पॅन्ट्रीत, दुधी कापायला घेतला होता. दोन तुकडे टूथपिकने तिरके जोडायच्या, सुरी फिरवायच्या, मान हलवायच्या. शेजारच्या टेबलावरच्या वेई लिंगने विचारलंही, "आँटी, धिस वन वर्क ऑर लंच, आह?" "आधी वर्क, मग डिनर," ताई म्हणाल्या.

वाटणी झाली. पण काम शुक्रवारी द्यायचं होतं आणि टीमचा प्रमुख मी होतो. नळ्या मिळतात तिथला एक कोपरा मला पिळलेला वाटला. विचारलं असतं तर त्या पुन्हा दुधी आणायला गेल्या असत्या. मी विचारलं नाही. गुपचूप आपोआप केलेली मेश लावली. उत्तर ठीक आलं, गिऱ्हाईक खूश. सोमवारी ताईंनी टीमसाठी रव्याचे लाडू आणले. मी दोन खाल्ले. पुढे सांगायची वेळच आली नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. खरं तर वेळ सारखी यायची. ताई प्रत्येक नव्या माणसाला तो व्हॉल्व्ह कौतुकाने समजावत असायच्या, आणि मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो...

त्या गेल्यावर त्यांचे यजमान प्रभाकरराव, बँकेतून निवृत्त झालेले, फोनवर म्हणाले, "शोकसभेत तू व्हॉल्व्हचं बोल. तिच्या कामातलं मला तेवढंच ठाऊक आहे." मग मात्र राहवेना. एलआरटीच्या गाडीने त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे आठवडाभर मी दुधी उगाच खाल्ला?"

मी होकारार्थी मान हलवली. मग त्यांनीच विचारलं, "पण मेश कशी होती तिची? चांगली?"

"माहीत नाही. मी ती कधी चालवूनच पाहिली नाही."

"मग बघ. चुकली असेल तर चुकली म्हणून सांग. उगाच गोड बोललेलं तिला आवडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी जुनी फाइल उघडली. स्क्रीनवर मधला गाभा हळदीसारखा पिवळा, भोवतालचे तुकडे हिरवे, निळे... तो कोपरा खरंच पिळलेला होता. एक छेद जरासा सरकवला आणि पीळ सुटला, दुपारपर्यंतचं काम. बाकीची वाटणी इतकी नेटकी, की कितीतरी कमी तुकड्यांत कॉम्प्युटरने तेच उत्तर दिलं. प्रभाकररावांना फोन करून म्हणालो, "एक कोपरा चुकला होता. दुरुस्त केला."

"तिला सांगितलं असतंस तर तिनेच केला असता."

"हो."

शोकसभेत मी हे सगळं बोललो, कोपऱ्यासकट.

आता त्याच घडणीचा, पण मोठा व्हॉल्व्ह आमच्याकडे आला आहे. मापं बदलली, बाकही बदलला; पण ताईंनी वाटणी केली होती ती आकाराची, मापांची नव्हे. वेई लिंगने ती ताणून नव्या अंगावर बसवली, आणि ती बसली. या वेळी काम त्याच मेशवर गेलं. कळवलं तेव्हा प्रभाकररावांनी विचारलं, "तो व्हॉल्व्ह जागेवर लागल्यावर बघता येईल का रे?"

"पाइपांच्या रांगेत असेल, वरून रंग दिलेला. आतलं काही दिसायचं नाही."

"बाहेरून चालेल," ते म्हणाले. "आतलं तू सांग."