मैमूनाबीची दोन जोधपुरं

मैमूनाबी मणियार आयुष्यात दोनदा जोधपूरला गेली. पहिल्यांदा बापाचं बोट धरून, दुसऱ्यांदा नवऱ्याला पुढे घालून. मधल्या काळात तिचा प्रवास म्हणजे वडीगोद्री, कुंभार पिंपळगाव असे आठवडी बाजार, डोक्यावर बांगड्यांचं टोपलं. तरी जालन्यात आमच्या कादराबादेत जोधपूर म्हटलं की तिचंच नाव निघायचं. मारवाडी घरं आमच्याकडे कमी नव्हती. त्यांच्या बायका दर दोन वर्षांनी देसाला, म्हणजे मारवाडात, जाऊन यायच्या. पण त्यांना गावाचं विचारा, सांगणार काय तर मावसनणंदेच्या लग्नात कोण रुसलं. गाव बघायला डोळे लागतात, आणि ते मैमूनाबीला होते. मी तिच्याकडून बांगड्या भरून घेत घेत हे सगळं ऐकलेलं आहे, काही समोर पाहिलेलं आहे; ऐकीव कुठलं आणि पाहिलेलं कुठलं ते वाचताना कळेलच.

तिचा बाप चाँदसाब बांगड्या विकायचा. आमच्यासाठी काचेच्या, मारवाडणींसाठी लाखेच्या. लाखेचा चुडा जोधपूरहून यायचा आणि तो आणायला चाँदसाब लग्नसराईआधी, थंडीत, स्वतः जायचा. सव्वीस साली त्याची बायको वारली. धाकट्या नजीरचं अंगावरचं दूध नुकतं सुटलेलं, त्याला मावशीकडे ठेवलं. सात वर्षांची मैमूना मावशीकडे राहीना. मग घेतली बरोबर.

निजामाच्या गाडीनं मनमाड, तिथून खांडवा, मग अजमेर, मग पुढं. खिडकीतून रेती येऊन भाकरी कचकच लागायला लागली तेव्हा बाप म्हणाला, "आलं आता."

"ताई, काय सांगू," मैमूनाबी माझा हात दाबत दाबत सांगायची, "डोंगरावर किल्ला न्हाई तो. किल्ला आधी आल्ता अन् डोंगर मागून खाली सरकून बसला, असं दिसतं. अन् खाली घरं बघावं तर निळीच्या बादलीत बुचकळून वाळत टाकल्यासारखी. उंट तर असा तोंड हलवत होता माझ्याकडं बघून, जसा पाटील पान खाऊन राह्यला."

आणि माणसं! टोपीवाले साहेब टांग्यातून किल्ला बघायला येतात, त्यांच्या मागे किल्ला दाखवणारे धावतात, त्यांच्या मागे मोजड्या विकणारे, त्यांच्या मागे कठपुतळीवाले. घंटाघराच्या चौकात जो तो कोणाला तरी काहीतरी विकत होता. सात वर्षांच्या पोरीनं हे सगळं पाहिलं आणि चूडीगरांच्या गल्लीत शिरल्यावर विसरूनही गेली. तिथं एका ओट्यावर, निखाऱ्यांच्या शेगडीपुढे, बडी बी बसली होती.

चाँदसाब ज्यांच्याकडून माल घ्यायचा त्या घराची ही मालकीण. नाव काय ते मैमूनाबीलाही ठाऊक नव्हतं, सगळी गल्ली बडी बीच म्हणायची. तिनं लाखेची कांडी निखाऱ्यावर फिरवली, ती मऊ झाली, लाकडी फळीनं लांबवून तिची दोरी केली, गोल वळवली, टोकं चिमटीत दाबली, बांगडी झाली. वर लाल रंगाची कांडी चोळली, आरशाचे बारीक तुकडे बसवले. पोरगी जागची हलेना. बाप जेवायला बोलावून थकला. शेवटी तिनं हळूच कांडीला हात घातला तशी बडी बीनं तिच्या मनगटावर चापट दिली.

"ना बेटी. बेटी को नहीं सिखाते."

"क्यूं?"

"बेटी पराए घर जाएगी, हुनर साथ ले जाएगी. बहू को सिखाते हैं."

मैमूना म्हणाली, "तो मेरे कू बहू कर लो."

गल्ली हसून हसून वाकली. बडी बीच्या सगळ्या मुलांची लग्नं झालेली होती. बापानं पोरीला काखेत मारली आणि स्टेशन गाठलं. ती पुढची दोन स्टेशनं रडत होती. उंटासाठी नव्हे, किल्ल्यासाठी नव्हे. त्या शेगडीसाठी.

पुढं तिचं लग्न झालं. नवरा अलीम, तोही मणियारच, बाजार करणारा. सरळ माणूस, बोलायचा कमी. बायको बोलते आहे ना, मग आपण कशाला, असा हिशोब. चाँदसाब गेला, जोधपूरच्या फेऱ्या थांबल्या, काचेवर सगळं भागू लागलं. आणि मग लढाई लागली.

लढाईचा बांगड्यांशी काय संबंध, असं आताच्या मुली विचारतील. जपानी काच बंद झाली, बिलायती बंद झाली, फिरोजाबादचं पार्सल आलं तर आलं, आणि आलं की निम्मं फुटलेलं. लग्नघरी चुडा भरायला मैमूनाबी जायची ती टोपल्यात बांगड्या कमी आणि फडकी जास्त घेऊन. आमच्याकडे नवरीनं चुडा भरला की बांगडीवालीच्या पाया पडायचं. मग ती मुसलमान असो, आणखी कोणी असो. पाटलीणबाईची लेक असली तरी वाकायचं. मैमूनाबीला हे फार मोठं वाटायचं. "पैसा कोन्हीबी देतं ताई, पाया कोन पडतं?" टोपलं रिकामं झालं तर हे जाणार होतं. तिची खरी धास्ती ही.

तेव्हा तिनं डोकं चालवलं. धावडा गावाकडच्या रानात पळसावर लाख धरते. ती आणवली आणि लहानपणी पाहिलं तसं शेगडीवर वितळवून, अंदाजानं राळ घालून, बोटं भाजून घेत, स्वतःच बांगड्या केल्या. दिसायला झकास. वडीगोद्रीच्या झुंबरबाईच्या लेकीला लग्नात त्याच भरल्या. काच मिळतच नव्हती म्हणून झुंबरबाई नाइलाजानं हो म्हणाली होती.

वैशाखातलं लग्न. मांडवाला पत्रा. होमापुढं नवरी बसली आणि हातातल्या बांगड्या हळूहळू लांबायला लागल्या. आधी अंड्यासारख्या, मग एकमेकींना चिकटल्या, मग शालूच्या पदराला. नवरीला हात सोडवता येईना. वऱ्हाडी पोरं खिदळली, म्हाताऱ्यांनी अपशकून म्हणून तोंडं फिरवली.

"काय गं, बांगड्या भरल्या का गुळाचा पाक ओतला माझ्या लेकीच्या हातावर?" झुंबरबाई भर मांडवात म्हणाली. "आजपासून तुझा हात माझ्या घरी लागायचा न्हाई."

झुंबरबाई म्हणाली ते तालुकाभर झालं. त्या उन्हाळ्यात मैमूनाबीला एकाही लग्नघरचं बोलावणं आलं नाही. दुसरी असती तर बसून रडली असती. हिनं अलीमला सांगितलं, "जोधपूर कू चलो. लाख में क्या डालते, सीख के आती."

"फिर से ना बोले तो?"

"तो फिर से रोती. तुम बाबा के जैसा काख में मार के लाओ."

लहानपणी पाहिलेलं गाव मोठेपणी लहान दिसतं, असं लिहायची एक रीत पडली आहे. माझा काही त्यावर विश्वास नाही, आणि मैमूनाबीला तर गाव दुपटीनं मोठं दिसलं. कारण सातव्या वर्षी तिला किल्ला दिसला होता. पंचविसाव्या वर्षी किल्ल्याच्या वाटेवर पाण्याच्या पखाली वाहणारे दिसले, उन्हात दगड डोक्यावर घेऊन चढणाऱ्या, तरीही ओढणीला जरीचा गोटा लावलेल्या बायका दिसल्या. "पानी न्हाई, झाड न्हाई, अन् गाव असं नटलेलं! आमच्याकडं विहीर भरलेली अन् तोंडं उतरलेली," ती म्हणायची. मला हे पटतं.

लढाईमुळं गावात नवेच पाहुणे होते, विमानतळावरचे गोरे. सुटीच्या दिवशी बाजारात घोळक्यानं फिरायचे, उंटाबरोबर फोटो काढायचे आणि घरच्या बायकांसाठी बांगड्या मागायचे. माप काय, तर अंगठा आणि बोट जुळवून हवेत गोल दाखवायचे. एक एवढा दाखवी, दुसरा एवढा. मैमूनाबीची हसून पुरेवाट झाली. हात समोर नसताना बांगडी विकायची, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

बडी बी आता पार म्हातारी झाली होती, पण शेगडीपुढची जागा तिचीच. मैमूनाबीनं ओळख दिली तशी ती ओरडली, "अरे, वही बहू आई!" मिठी मारली, जेवू घातलं, चाँदसाबसाठी डोळे पुसले. आणि शिकवण्याचं काढलं की मान हलवली. "तू तो अब पक्की पराए घर की. हमारे में नहीं होता. बेटी को सिखाओ तो हुनर हाथ से उठ जाता है."

पाया पडून झालं, विनवून झालं. म्हातारी प्रेमळ आणि दगड. मैमूनाबी बघायला बसली तर लाखेत मिसळण करायचं काम सुना आतल्या खोलीत, दार लावून करायच्या. बाहेर यायची ती तयार कांडी.

त्या घरात बडी बीची एक नात होती, शहाजादी. आईबाप दोन्ही गेलेले. झाडलोट करायची, निखारे फुंकायची, पाहुण्यांना चहा द्यायची, आणि जीभ कात्रीसारखी. एकदा ती चहाची वाटी पुढं करत असताना मैमूनाबीला तिची बोटं दिसली. दोन्ही हातांच्या अंगठ्याला आणि पुढच्या दोन बोटांच्या टोकांना पांढरे चट्टे. भाकरीचा चटका असा बसत नाही. हा चटका चिमटीचा. मैमूनाबीच्या स्वतःच्या बोटांना बरोबर तसेच होते, त्या वडीगोद्रीच्या बांगड्यांचे.

तिनं आपली बोटं मुकाट्यानं पोरीपुढं धरली. "कब से?"

शहाजादीनं आधी इकडं तिकडं पाहिलं, मग ओढणी तोंडाला लावून हसली. "बचपन से. दोपहर में सब सो जाते हैं तब. बुआ, किसी को बोलना मत."

"मिलावट बी आती?"

"झाड़ू लगाते लगाते सब दिखता है."

दुसऱ्या दिवशी मैमूनाबी नात एकटी असताना तिला म्हणाली, माझा भाऊ नजीर. दाढी अजून धड आलेली नाही, पण हात उगारणारा नाही. आमच्या घरी शेगडी तुझी, निखारे तुझे, आणि दुपारची वाट बघायची गरज नाही.

शहाजादीनं एकच विचारलं, "वहां ऊंट हैं?"

"नक्को बाई, एक बी नहीं."

"अच्छा है. मुझे काटा था."

मग मैमूनाबी बडी बीपुढं जाऊन बसली. "हुनर नहीं मांगती अब. पोती मांगती. मेरे भाई के वास्ते."

म्हातारीला चाँदसाबचं घर तीस वर्षांपासून ठाऊक. बिनआईबापाची पोर, धंदा तोच, माणसं सरळ. ती कबूल झाली. वर म्हणाली, "पर बोल देती हूं, इसे कुछ आता नहीं. सिर्फ रोटी." अलीमला पाणी पिताना ठसका लागला. कोणी म्हणेल ही लबाडी झाली. मी म्हणत नाही. ज्या घरात पोरीनं चोरून निखारा धरायचा आणि त्याच घरानं तिला काही येत नाही म्हणून सांगायचं, तिथं लबाडी कोणाची?

नजीरला तार केली. तो घाबरतच आला, निकाह झाला, चौघं जालन्याला चाँदसाबच्या घरी आली; बाप गेल्यापासून मैमूनाबी आणि अलीम तिथंच राहत होती.

यानंतरचं मी स्वतः पाहिलं, कारण त्या दिवशी मी तिच्या घरी बांगड्या भरायला गेल्ते. शहाजादीनं शेगडी पेटवली, लाख काढली. मैमूनाबी पदर खोचून शेजारी बसली, सात वर्षांच्या पोरीसारखं तोंड करून. आणि शहाजादीचा हात थांबला.

"बुआ, आप तो इस घर की बेटी हैं."

"हौ. तो?"

"बेटी को नहीं सिखाते."

मला तर असा राग आला की मी तोंड उघडलंच होतं. ह्या बाईनं तुला तिथून सोडवून आणलं आणि तू तिला नियम सांगतेस? मैमूनाबीनं मला हातानंच गप्प केलं. तिचा चेहरा उतरला होता, पण रागावली नव्हती. पोरगी नाटक करत नव्हती. हुनर हातातून उठून जातो हे ती खरंच मानत होती, आणि तिच्याजवळ जगात दुसरं काही नव्हतं.

मग शहाजादी उठली, शेगडी ओढत ओढत खोलीच्या मधोमध आणली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि मैमूनाबीच्या हातात दिला.

"मुझे किसी ने नहीं सिखाया था," ती म्हणाली. "आप झाड़ू लगाओ. मैं अपना काम करती हूं."

मैमूनाबीनं झाडायला सुरुवात केली. शेगडीभोवती एकच जागा, पुन्हा पुन्हा. आणि शहाजादी लाखेशी बोलायला लागली, मोठ्यानं, आमच्यापैकी कोणाकडंही न बघता. "ले, अब राळ ले. बस, इतनी. ज़्यादा पिएगी तो धूप में रोएगी. अब खड़िया. और. और थोड़ी. अब देख, धागा टूटता नहीं."

ती खोली पुढं दोन वर्षं सगळ्या कादराबादेत स्वच्छ होती. मैमूनाबीची चूक तेव्हाच कळली होती, राळ जास्त आणि खडिया, म्हणजे खडूसारखी पांढरी माती, नाहीच. पण कळणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं. शहाजादीच्या बांगड्या विकल्या जात होत्या, बोलावणी परत येत होती. मैमूनाबी मात्र दुपारी, सगळे निजले की, आपल्या बोटांना चटके देत बसायची. शहाजादी तेव्हा भिंतीकडं तोंड करून झोपायची. तिला झोप लागत नसे, हे नजीरनंच मला सांगितलं.

मग एका वैशाखात मैमूनाबीनं आपल्या हातच्या बारा बांगड्या भर दुपारी पत्र्यावर मांडल्या आणि छत्री घेऊन त्यांच्या शेजारी बसली. अलीम जेवायला बोलवून गेला, उठली नाही. ऊन कललं तेव्हा खाली आली. बांगड्या गोलच होत्या. तिनं शहाजादीला समोर बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि एकेक बांगडी भरली.

शहाजादीनं मनगट फिरवून पाहिलं, जोड नखानं चाचपला.

"किसने सिखाया?"

"किसी ने नहीं."

"बराबर," शहाजादी म्हणाली, आणि वाकून तिच्या पाया पडली.