खांद्यावर कॅप्टन, बाहीवर कर्नल

तुळिंजमधल्या आमच्या सोसायटीच्या वॉचमनचं नाव मी कधी विचारलंच नाही. त्याचा हुद्दाच पुरेसा होता. गणवेश शिवणाऱ्या दुकानदाराने त्याच्या खांद्यांवर तीन-तीन तारे आणि बाह्यांवर चार-चार सोनेरी पट्ट्या लावून दिल्या होत्या. बाहेरची गाडी आली की तो हातही हलवत नसे, नुसता खांदा पुढे करी. गाडी निमूट थांबे.

पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त सुभेदारांना ते बघवेना.

"अरे, खांद्यावर तू लष्कराचा कॅप्टन आणि बाहीवर नौदलाचा. नौदलाचा कॅप्टन म्हणजे आमचा कर्नल. तुझ्या खांद्याने तुझ्याच बाहीला सलाम ठोकायचा काय? काढ सगळं."

"काढतो साहेब. पण गाड्या मला नाय थांबत, पट्ट्यांना थांबतात. कमिटी मला घालवेल."

त्याने सगळं उसवलं. दुसऱ्याच दिवशी एक टेम्पो सरळ आत शिरला आणि कमिटी खरंच नवा वॉचमन शोधू लागली. संध्याकाळी सुभेदारच ओशाळून सुई-दोरा घेऊन फाटकावर आले.

"एकाच दलाचं शिवून देईन," ते गुरगुरले.

त्याने अदबीने बाही पुढे केली. "मग नौदलच द्या, साहेब. कर्नल म्हणालात ना."