सुमनआत्यांच्या फ्रिजचं दार

आमच्या वाडीत कुणाच्याही मुलाला ताप आला, की घरातली बाई दवाखान्याआधी सुमनआत्यांच्या फ्रिजकडे निघायची. त्याच्या दारात, जिथे इतरांकडे अंडी असतात, तिथे आत्यांकडे मुलांच्या औषधांच्या अर्ध्या बाटल्या उभ्या असत. पोर खेळायला लागलं की उरलेलं औषध त्यांच्याकडे आणून द्यायचं, अशी वाडीची रीतच पडली होती. विरजण जसं घरोघर जातं तशा त्या बाटल्या फिरायच्या.

आत्या नात्याने माझ्या कुणी नव्हत्या. लग्न होऊन मी कोळवण खोऱ्यात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी हनुवटी धरून त्यांनी निकाल दिला, "वाळल्याली हाय, पर टिकंल," आणि ताटात भाताचा ढीग घातला. आवाज मोठा, माया त्याहून मोठी. बाटलीवरचं नाव वाचायची त्यांना गरज वाटत नसे. "गुलाबी खोकल्याची, पांढरी तापाची. त्यात काय वाचायचं?" पोराच्या कपाळाला हात लावायचा आणि झाकणभर पाजायचं. "ताप म्हंजी चुलीतली ठिणगी. लुगड्याला लागायच्या आदी इजवावी."

उपकेंद्रातल्या सिस्टर एकदा म्हणाल्या, "आत्या, ही पांढरी अँटिबायोटिक आहे. प्रत्येक तापाला लागत नाही. आणि उरलेली बाटली जपून ठेवायची नसते."

"चांगलं औषीद फेकू व्हय? लई फेकाफेकी बाई तुमची," आत्या म्हणाल्या आणि चहाला आधण ठेवलं. सिस्टर चहा पिऊन गेल्या. बाटली जागेवरच राहिली.

इशू ही त्यांची नात. मुलगा आणि सून हिंजवडीला कामाला जायचे, त्यामुळे ती आत्यांच्याच कडेवर वाढली. अंग जरा कोमट लागलं की झाकणभर पांढरं. पोर बरं झालं की श्रेय बाटलीला.

एका भातलावणीनंतर इशूला आलेला ताप उतरेना. घरची बाटली संपली, मग शेजारची. पुण्याला नेईपर्यंत जंतू रक्तात पसरले होते. मी आत्यांजवळ बाकावर होते. डॉक्टर म्हणाले, "नेहमीची औषधं या जंतूंवर चालत नाहीत. आधी अँटिबायोटिक पुष्कळदा दिलं होतं का?"

"व्हय. मीच. दर बारीला," आत्या म्हणाल्या. कुणी गाव विचारलं तर सांगावं, तसं.

भारी औषधं लावली, तरी इशू गेली.

आत्या रडल्या नाहीत. दहाव्यानंतर त्यांनी बाटल्या सिस्टरकडे दिल्या आणि फ्रिजची पिन काढली. पुढे त्यात गोधड्या असत.

वाडी सोडून आम्ही महाळुंग्याला आलो, त्याच्या थोडं आधी माझ्या मुलीला ताप आला. आत्यांचा हात तिच्या कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला. "डाक्टरला दाव," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी तपासलं, नुसतं ताप उतरायचं औषध दिलं, पाणी पाजायला आणि लक्ष ठेवायला सांगितलं.

"पांढरी न्हाई दिली?"

"नाही, आत्या. लागणार नाही म्हणाले."

त्या रोज येऊन उंबऱ्याशी बसत. एका सकाळी मुलगी आपणहून उठली आणि अंगणात कोंबडीमागे पळाली. आत्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"आपसूक गेला की गं ताप," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "मंग इशूचा बी दर बारीला आपसूकच जात आसंल."